1968 ची महिंद्रा एफसी-150 विकायची आहे, किती सांगू?

गुऱ्हाळवाला:
मंडळी, सल्ला पाहिजे. आजोबांची 1968 ची एफसी-150 पिकअप आहे. बिननाकाची, इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून. गुऱ्हाळावरनं कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे रवे (ढेपा) पोचवायला घेतलेली. पुढं पेट्रोल परवडेना म्हणून प्यूजोचं डिझेल इंजिन बसवलं. मूळ इंजिन गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. गाडी सुरू होते, ब्रेक मात्र लागत नाहीत. हौद्याचा पत्रा खाल्लाय. आरसी अजून आजोबांच्याच नावावर, ते वारले.
भंगारवाला 40 हजार देतो म्हणतोय. चुलतभावाचं म्हणणं, पुण्यात जुन्या जीपला पाच लाख मागतात, आपण पण पाचच सांगायचे. सांगलीचं एक गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "आकडा सांगा, मग येतो." आकडाच तर ठरेना.

राजारामपुरी_रायडर:
नादखुळा गाडी! विकू नका राव. फोटो टाका आधी.

उद्यमनगरकर:
विकू नका म्हणायला काय जातंय, जागा त्यांची अडकलीय.
गुऱ्हाळवाले, माझं आयुष्य जीपची इंजिनं उतरवण्यात गेलं, म्हणून सांगतो. पुण्यात मागतात तो आकडा सोडून द्या. मागायला कोण पण मागतंय, गाडी कितीला उठली ते विचारा. गडहिंग्लजकडची चालू आणि कागद स्वच्छ असलेली एफसी माझ्यासमोर साडेतीन लाखाला गेली. तिथून खाली मोजत या. तुमचा हौदा आणि केबिनचा पत्रा, रंगासकट, साधारण 70 हजार. ब्रेक आणि टायर मिळून 40. इंजिनचं काम 40 धरा. म्हणजे घेणाऱ्याचा दीड लाख खर्च तुमच्या दारातच उभा आहे. उरले दोन. सांगताना दोन-चाळीस सांगा, घासाघीस झाल्याशिवाय आपल्याकडं कोण खिशात हात घालत नाही.
आता त्या गोठ्यातल्या इंजिनाबद्दल. ते हरिकेन आहे, 2.2 लिटरचं, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. शौकीन माणूस त्याच्यासाठीच येईल. ब्लॉकवरचा नंबर ब्रशनं घासून आरसीशी ताडून बघा. जुळला तर इंजिन गाडीबरोबरच द्या, वेगळं विकायच्या भानगडीत पडू नका. नाही जुळला तर त्याचे फक्त सुट्या भागाचे पैसे.
इंजिन, गिअरबॉक्सचं सामान जीपचंच लागतं, त्याची काळजी नाही. पण एफसीचे दरवाजे, पुढची जाळी, काच शोधायला माणूस म्हातारा होतो. ते शाबूत असेल तर खाली येऊ नका.

कागलकर:
2019 किंवा 2021 च्या पुरात पाण्यात होती का? ते लपवू नका.

गुऱ्हाळवाला:
2019 ला चाकं बुडाली होती, केबिनमध्ये पाणी नव्हतं. जाळी, दरवाजे मूळचे आहेत, काचेला कोपऱ्यात तडा आहे. दादा, चेसिस कशी बघायची?

उद्यमनगरकर:
हातोडीनं हलकं ठोकत जा. धड लोखंड खणकन वाजतं, खाल्लेलं भद्द वाजतं. हौद्याखालची आडवी पट्टी आणि मागच्या पाट्याचे (स्प्रिंगचे) हँगर, तिथं जाड स्क्रूड्रायव्हर दाबा. गूळ वाहिलेल्या गाडीत ओल धरून राहते, मुंग्या काय उगीच येत नाहीत. स्क्रूड्रायव्हर आत शिरला तर दोनातले अजून 30 कमी करा आणि गिऱ्हाइकाला स्वतः दाखवा. त्यानं शोधून काढलं तर तो 60 तोडेल.

फाईलवाला:
मी आरटीओची कामं करतो. नियमानं पहिली पायरी वारसाच्या नावावर गाडी करणं, फॉर्म 31. बाकीच्या वारसांची संमती जोडा, चुलतभावाची सही लागणार असेल तर त्याचा पाच लाखांचा हट्ट आधी मिटवा. मग घेणाऱ्याला फॉर्म 29 आणि 30. आरसीवर सोसायटीचा जुना बोजा आहे का तेही बघा. पेट्रोलचं डिझेल केलेलं आरसीवर चढलंय का? नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली अडचण आहे, ती घेणाऱ्याला आधी सांगा. हे सगळं तसंच ठेवून विकलीत तर निदान 50 हजार सोडावे लागतील.
आणि जाहिरातीत 'व्हिंटेज' लिहून भाव चढवू नका. 2021 च्या नियमातली 50 वर्षांवरच्या गाड्यांची ती 'व्हीए' नंबरची नोंद दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या चारचाकींसाठी आहे. तुमची मालवाहू म्हणून नोंदलेली असणार.

गुऱ्हाळवाला:
आरसी काढून बघितली. मालवाहूच आहे, बोजा नाही, इंधन अजून पेट्रोलच लिहिलंय. मूळ इंजिनाचा नंबर जुळला! स्क्रूड्रायव्हर एका हँगरपाशी शिरला. चुलतभावाला हा धागा वाचायला दिलाय. तो आता तीनवर आलाय.

उद्यमनगरकर:
येईल अजून खाली. नंबर जुळला म्हणून हँगरचे 30 कापू नका, मागणी दोन-चाळीसच ठेवा, पावणेदोनच्या खाली देऊ नका.

कागलकर:
रविवारी बघायला येऊ का? पावणेदोनपासूनच बोलणी सुरू करतो. तोवर गाडी धुवू मात्र नका, तेल कुठनं गळतंय ते मला बघायचंय.