तानपुऱ्याचा पंचम हलतोय: छोट्या २०३० ॲम्प्लिफायरमध्ये नेमकं काय बदलू?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी मिरजेची. बाबांचं वय ७४, रोज पहाटे पाचला रियाजाला बसतात. घरात सतारमेकर गल्लीत बनवून घेतलेला तानपुरा आहे, पण खुंट्या पिळताना आता त्यांची बोटं दुखतात. म्हणून वर्षभर फोनवरचा तानपुरा छोट्या ॲम्प्लिफायरवरून लावतोय.

ॲम्प्लिफायर साधाच, तयार घेतलेला. स्पीकर चालवणाऱ्या टीडीए २०३० च्या दोन आयसी, त्यांच्या आधी ४५५८ आयसीचा प्रीॲम्प (फोनचा सिग्नल थोडा वाढवणारा भाग), १२-०-१२ चा (मधल्या शून्यापासून दोन्हीकडे १२ व्होल्ट देणारा) ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, फिल्टरला १००० एमएफडीचे (मायक्रोफॅरडचे) दोन कंडेन्सर. स्पीकर ८ ओहमचे, सहा इंची, लाकडी खोक्यात.

बाबांची पट्टी काळी एक. ते म्हणतात, "पंचम हलतोय, जागेवर उभा राहत नाही." ॲप बदललं, फोन बदलला, तरी तेच. मला मात्र मागे बारीक घूं ऐकू येते. नेटवर कुणी म्हणतं ४५५८ काढून त्याच जागी ५५३२ ही आयसी लावा, कुणी म्हणतं भारीतले ऑडिओ कंडेन्सर लावा. डिप्लोमा केलाय, सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. हजारापर्यंत खर्च करू शकते. सुरुवात कुठून करू?

वाईचा_श्रोता
ताई, हे सगळं सोडा आणि टीपीए ३११६ चा क्लास डी (स्विचिंगवर चालणारा, कमी तापणारा) ॲम्प्लिफायर बोर्ड घ्या. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर त्याला चालतो, ट्रान्सफॉर्मरच नको. माझ्याकडे तीन वर्षं चालू आहे, गरमसुद्धा होत नाही. एक लक्षात ठेवा, त्यात स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. डाव्या-उजव्या स्पीकरची काळी वायर एकत्र जोडायची नाही आणि ग्राउंडलाही लावायची नाही.

रेझिस्टर४७
५५३२ लावून बघा. पिना त्याच, सॉकेट असेल तर दोन मिनिटांचं काम. मला आवाज मोकळा वाटला.

जुनी_सोल्डरगन
मी सांगलीत रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरचे दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत, पण दोघांनीही घूं कुठून येते ते विचारलेलं नाही. आजार न बघता औषध देऊ नये.

ताई, आधी तीन गोष्टी करा. एक, फोनची पिन काढा, व्हॉल्यूम शून्यावर न्या, कान स्पीकरला लावा. घूं तशीच राहिली तर ती डब्याच्या आतली. दोन, व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर ती प्रीॲम्प किंवा इनपुटच्या वायरीतून येते. तीन, फोन चार्जिंगला लावून आणि काढून ऐका. फरक पडला तर चार्जरचा दोष, ॲम्प्लिफायरला हात लावायची गरजच नाही.

मग फोनवर ट्यूनर ॲप उघडून स्पीकरजवळ धरा. आपली लाइन ५० हर्ट्झची. घूं ५० ची दिसली तर अर्थिंग, वायरिंग किंवा ट्रान्सफॉर्मर जवळ असल्याचा प्रकार. १०० ची दिसली तर डायोड ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या) पुढची, म्हणजे फिल्टर किंवा ग्राउंडची चूक. आणि मल्टिमीटरने आयसीच्या सप्लाय पिनांवर अधिक आणि उणे दोन्ही व्होल्टेज मोजून इथे लिहा.

मोजताना ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला हात जाऊ देऊ नका. सोल्डरिंगआधी प्लग काढायचा आणि कंडेन्सर १०० ओहम ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामे करायचे. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

अजिंक्यतारा
मी साताऱ्यातून. इलेक्ट्रॉनिक्स फार येत नाही, हार्मोनियम वाजवतो. पण बाबांच्या पंचमाचं गणित मांडून बघितलं. काळी एकचा सा साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याखालच्या खर्जाचा सा ६९.३, आणि त्याच्या दीडपट, म्हणजे तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा पंचम, १०४ च्या आसपास. तुमची घूं जर १०० ची निघाली तर दोहोंत ४ चा फरक आहे. दोन सूर इतके जवळ आले की आवाज सेकंदाला चार वेळा वर-खाली होतो, जुळवताना आपण ज्याला लाट म्हणतो तीच. बाबांचा कान बरोबर सांगतोय. तानपुरा स्थिरच आहे, शेजारी दुसरा सूर लागलाय. पांढरी एकला पंचम ९८ वर येतो, तिथे हीच लाट सेकंदाला दोनदा येईल.

कृष्णाकाठची
अजिंक्यतारा, हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी महिनाभर स्वतःच्या कानाला दोष देत होतो."

काका, मोजलं. व्हॉल्यूम शून्यावर घूं तशीच. ट्यूनर पांढरी पाच दाखवतो, ३५ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढी. हिशोब केला तर १०० हर्ट्झच येतात. व्होल्टेज रात्री अकराला अधिक १९.१ आणि उणे १९.०. आयसीवर नुसतं २०३० छापलंय, मागे ए नाही.

जुनी_सोल्डरगन
शाब्बास. आता दोन वेगळ्या गोष्टी समोर आल्या आणि दुसरी जास्त तातडीची.

नुसत्या २०३० ची मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट. २०३०ए ची २२. तुमची आयसी मर्यादेच्या वर चालते आहे. १२ ला १.४१४ ने गुणलं की १७ येतात, म्हणून बनवणाऱ्याला वाटतं की बसलं. पण हलक्या लोडवर छोटा ट्रान्सफॉर्मर १२ पेक्षा जास्तच देतो, आणि रात्री लाइन २४० च्या वर चढली की त्यात आणखी भर पडते. असे किती बोर्ड माझ्या टेबलावर आले याची मोजदाद नाही. तुमचा आजवर टिकला, पण पहाटेच्या रियाजात कधीतरी आयसी जाईल आणि सोबत स्पीकरची कॉइल घेऊन जाईल.

माझं मत, ९-०-९ चा २ अँपिअर ट्रान्सफॉर्मर लावा. दोन्हीकडे १२-१३ व्होल्ट मिळतील, ८ ओहमवर पाच-सहा वॉट. आधीपेक्षा साधारण ४ डीबी कमी. खोलीतल्या तानपुऱ्याला एक वॉटही पुरतो. तुमच्या आयसी आहेत त्याच राहतील, थंडही चालतील. २०३०ए घेऊन १२-०-१२ ठेवता येईल, पण बाजारात खोडून नव्याने छापलेल्या आयसी खूप आहेत, त्यावर मी भरवसा ठेवत नाही.

आता घूं. दोन २०३० काहीही न वाजवता मिळून ८० मिलिअँपिअरच्या आसपास घेतात. १०० हर्ट्झला १००० एमएफडीवर एवढ्या करंटने सप्लायच्या व्होल्टेजमध्ये सुमारे ०.८ व्होल्टची लाट (चढउतार) राहते. ४७०० एमएफडी केलं की ०.१७. तेव्हा ४७०० एमएफडी ३५ व्होल्टचे दोन घ्या, साध्या चांगल्या कंपनीचे. १०,००० च्या मागे लागू नका. डायोडवर चार्जिंगचा झटका वाढतो आणि चुकीच्या ग्राउंडमध्ये तीच घूं जास्त खरखरीत होते.

कारण खरं दुखणं बहुधा ग्राउंडचंच असणार. ही आयसी सप्लायवरची लाट बरीचशी स्वतः दाबते, एवढी घूं नुसत्या कंडेन्सरमुळे येत नाही. डबा उघडून बघा, ट्रान्सफॉर्मरची मधली वायर, ते १२-०-१२ मधलं शून्य, बोर्डवर कुठे जोडलीय? इनपुटच्या ग्राउंडजवळ असेल तर कंडेन्सर भरणारा सगळा करंट सिग्नलच्या पट्टीतून पळतोय. ती काढून थेट दोन मोठ्या कंडेन्सरच्या मधल्या सांध्यावर आणा. तिथूनच स्पीकरच्या परतीच्या वायरी आणि तिथूनच एक वेगळी वायर सिग्नल ग्राउंडला. सगळ्यांची गाठ एकाच ठिकाणी, पण प्रत्येकाची वाट वेगळी.

आणि हीटसिंक. या सप्लायमध्ये २०३० चा धातूचा पाठीमागचा भाग उणे व्होल्टला असतो. मायका (करंट अडवणारी पातळ चकती) आणि स्क्रूचा प्लास्टिक बुश नसताना हीटसिंक डब्याला टेकला तर सरळ शॉर्ट. मीटरने आयसीची पाठ आणि डबा यांच्यातली कंटिन्यूटी बघा. बीप वाजता कामा नये.

५५३२ शेवटी लावा, किंवा लावूच नका. ४५५८ या घूंचं कारण नाही.

रेझिस्टर४७
काका, पटलं. मी फक्त आयसी बदलून थांबलो होतो. इनपुटच्या कंडेन्सरबद्दल पण सांगा ना, माझ्या बोर्डवर ०.१ एमएफडीचा आहे.

जुनी_सोल्डरगन
पुढचा इनपुट २२ किलोओहम धरला तर ०.१ वर ७२ हर्ट्झखालचं सगळं उतरायला लागतं. खर्जाचा सा तिथेच अडतो. १ एमएफडी पॉलिएस्टर लावा, ही हद्द ७ हर्ट्झपर्यंत खाली येईल. स्वस्त बोर्डमधली ही एक दुरुस्ती अशी आहे की कुणालाही ऐकू येते. आणि आउटपुटवर १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ एमएफडीचा कंडेन्सर अशी जोडी आहे का बघा. खर्च वाचवायला ती गाळतात, मग लांब वायरवर आयसी ऐकू न येणाऱ्या सुरात थरथरते आणि उगाच तापते.

वाईचा_श्रोता
काका, मग क्लास डी नको म्हणता?

जुनी_सोल्डरगन
नको म्हणत नाही. नवीन घ्यायचं असतं तर मीही तेच सुचवलं असतं. त्यात एकच बघा, बरेच बोर्ड गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) फार वर ठेवून विकतात आणि मग शांत खोलीत हिस्स ऐकू येतं. त्या आयसीत दोन रेझिस्टर बदलून गेन २० डीबीपर्यंत खाली आणता येतो. पण ताईंचा ॲम्प्लिफायर दुरुस्त होण्यासारखा आहे.

कृष्णाकाठची
दहा दिवसांनी लिहितेय.

मधली वायर खरंच इनपुटच्या ग्राउंडला होती. काका म्हणाले तशी कंडेन्सरच्या सांध्यावर आणली. आधी एवढंच केलं, काही न बदलता, कारण मला बघायचं होतं कशाने काय होतं. घूं निम्म्याहून कमी झाली. मग ४७०० चे कंडेन्सर, ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर आणि १ एमएफडी. मायका होती, पण एका बाजूचा बुश फुटलेला होता, तोही बदलला. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) बी मार्कचा होता, थोडं फिरवलं की एकदम मोठा आवाज. ए मार्कचा, म्हणजे आवाज हळूहळू वाढवणारा, ५० किलोओहमचा लावला, आता बाबांना हवा तेवढाच लावता येतो. पहिल्यांदा चालू करताना शेजारच्या वायरमन काकांचा सिरीज बल्ब (शॉर्ट असेल तर करंट अडवून स्वतः पेटत राहणारा) लावला होता. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तेव्हा श्वास सोडला. ट्रान्सफॉर्मर धरून सगळं हजाराच्या आत बसलं. सांगलीत ए मार्कचा पॉट मिळाला नाही, तो पुण्याहून तपकीर गल्लीतून भावाने आणला.

आता सप्लाय १३.४. व्हॉल्यूम शून्यावर कान स्पीकरला टेकवला तरच काहीतरी जाणवतं. फोन चार्जिंगला असेल तर ५० ची अगदी पुसट घूं येते, म्हणून फोन रात्रीच चार्ज करून ठेवतो.

आज पहाटे बाबांनी नेहमीपेक्षा आवाज कमी ठेवला. पंचमावर थांबले, मला आतून हाक मारली आणि म्हणाले, "ऐक, उभा राहिला."