मदत हवी आहे: सकाळी उपाशी येणाऱ्या मुलांना काय देता येईल?

रत्नागिरीकडे बंदराजवळची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, दोनच शिक्षक. बऱ्याच मुलांच्या आया पहाटेच जेटीवर मासळी निवडायला जातात, पोरं कोऱ्या चहात बटर बुडवून येतात, कधी तेही नाही. मग अकराच्या सुमारास हातचा मिळवतानाच गाडी अडते, फळ्याकडे बघतात पण डोळे मिटायला लागलेले, आणि पोषण आहार दुपारी, तोच ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीनवाला. जेवल्यावर तीच मुलं पटापट वजाबाकी करतात, म्हणजे डोक्यात काही कमी नाहीये.

पालकांशी बोललो, पण कामाची वेळ त्यांच्या हातात नाही. गणित जेवणानंतर घेतो, थोडा फरक पडला. बिस्किटं देऊन पाहिली, तासाभरात पुन्हा तेच. शाळेचा तांदूळ याला वापरता येत नाही (हिशोब द्यावा लागतो), स्वयंपाकीताई उशिरा येतात, फ्रिज नाही आणि पावसात चणे-शेंगदाणेसुद्धा सादळतात.

गावातले दोघे-तिघे खर्च करायला तयार आहेत, तर तिथीभोजनात (सण, वाढदिवस अशा निमित्ताने गावकरी शाळेतल्या मुलांना जेवण देतात, त्यात) असा रोजचा सकाळचा खाऊ बसतो का, की केंद्रप्रमुखांकडून (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) वेगळी परवानगी घ्यावी लागते? आणि न शिजवता देता येईल, पोटाला धरून राहील असं तुमच्या शाळेत काय देता?