टॅब, सिस्टरांचे मोबाईल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: स्टाफला ट्रेनिंग नेमकं कशाचं द्यायचं?

वॉर्डइन्चार्ज_खानापूर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातलं ३० खाटांचं हॉस्पिटल. मावशी, वॉर्डबॉय धरून ४२ जणांचा स्टाफ. वॉर्डात ३ टॅब, त्यांवर बीपी, शुगर, औषधांच्या वेळा भरल्या जातात. घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या ५ सिस्टर स्वतःच्याच मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंद करतात. जांबोटी-कणकुंबीकडं रेंजचं काही खरं नसतं, त्यामुळं नोंदी फोनमध्येच साठतात आणि रेंज आली की वर चढतात. शिवाय डॉक्टर-नर्सचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच: ईसीजी, एक्स-रे, जखमांचे फोटो.

‘मोबाईल प्रायव्हसी आणि सिक्युरिटी’चं ट्रेनिंग घ्यायचंय. हाताशी ८० स्लाइडची इंग्रजी फाइल आहे, त्यात सगळा पेशंटच्या माहितीबद्दलचा अमेरिकेचा हिपा कायदा. निम्मा स्टाफ मराठी, निम्मा कन्नड. सगळे एकदम तासभर मोकळे कधीच सापडत नाहीत. काय शिकवायचं, किती वेळात, आणि ते उतरलं की नाही कसं बघायचं?

सर्व्हररूम

ती फाइल बाजूला ठेवा. हिपा आपल्याकडं लागू नाही, आणि ८० स्लाइडनंतर लक्षात काय राहतं तर चहा.

आधी टॅब सरळ करा, माणसं नंतर. जे सेटिंगनं होतं त्यासाठी भाषण देऊ नका. टॅब फॅक्टरी रीसेट केला की स्वागताच्या पहिल्या पडद्यावर रिकाम्या जागी ६ वेळा टॅप करा, क्यूआर स्कॅनर उघडतो. डिव्हाइस मॅनेजमेंटच्या (टॅब दुरून सांभाळणाऱ्या) सेवेकडून मिळालेला क्यूआर तिथं दाखवला की टॅब हॉस्पिटलच्या ताब्यात येतो. मग नोंदींचं अ‍ॅप आणि लागलीच तर एखाददुसरं, एवढंच ठेवा. बाहेरून एपीके (अ‍ॅप बसवणारी फाइल) टाकणं बंद, फोटोंचा गूगलवर आपोआप होणारा बॅकअप बंद, १ मिनिटात लॉक. रीसेट मारण्याआधी न चढलेल्या नोंदी वर चढल्यात का, ते मात्र डोळ्यांनी बघा. त्या गेल्या तर परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट लॉगिनची. ‘वॉर्ड१’ नावानं सगळे आत शिरत असतील तर लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याची नोंद, ठेवून उपयोग शून्य. रात्री २ वाजता डोस कुणी बदलला, तर ‘वॉर्ड१’नं. प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि छोटा पिन द्या. पिन टाकून पटकन एका खात्यातून दुसऱ्यात जाता येत नसेल तर लोक एकच लॉगिन वापरणार, कितीही ओरडा. पिन टाकायला ५ सेकंदांच्या वर लागत असतील तर दोष अ‍ॅपचा, स्टाफचा नव्हे. टॅबच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पिन लिहिलाय का, तेही उलटून बघा.

घरी जाणाऱ्या सिस्टरांच्या फोनवर वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या अ‍ॅपचा वेगळा कप्पा, टाका. त्यातल्या अ‍ॅपच्या आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते. हॉस्पिटलला पुसता येतो तो तेवढाच कप्पा. घरचे फोटो, गाणी, बँकेचं अ‍ॅप यांना हात लागत नाही. हे पहिल्या मिनिटालाच सांगा. ‘सर आमचा फोन बघणार’ अशी शंका एकदा बसली की कुणी मनापासून टाकत नाही, आणि टाकलं तरी आठवड्यात काढून टाकतं.

ट्यूटर_सिस्टर

तासाचा विचारच सोडा. ड्यूटी बदलताना १५ मिनिटं, एका वेळी एकच विषय, असे ४ विषय ४ आठवड्यांत. सकाळ, दुपार आणि रात्र, तिन्ही पाळ्यांना तेच परत घ्यायचं. नाइटवाले बहुतेक ठिकाणी सुटतात, आणि टॅब मोकळे पडलेले असतात ते रात्रीच.

स्लाइड नको, हातात फोन हवा. ‘नोटिफिकेशनमधला मजकूर लपवा’ हे फळ्यावर लिहून कुणी करत नाही. सेटिंग, नोटिफिकेशन, लॉक स्क्रीन, ‘संवेदनशील मजकूर लपवा’, असं प्रत्येकानं तिथंच करायचं आणि शेजारणीनं तिच्या फोनला मेसेज टाकून तपासायचं. मेनूची नावं फोनागणिक बदलतात, म्हणून आधी स्टाफकडं कुठल्या कंपन्यांचे फोन आहेत ते लिहून घ्या. सहसा ४-५ कंपन्यांत सगळे बसतात. तेवढ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भाषेचं म्हणाल तर मराठी आणि कन्नड असे दोन वेगळे वर्ग करू नका. वॉर्डात दोघी एकत्र काम करतात, वेगळं शिकवलं की दोन वेगळ्या पद्धती पडतात. एकीनं मराठीत सांगायचं, दुसरीनं लगेच कन्नडमध्ये करून दाखवायचं. ‘गोपनीयता’ म्हटलं की चेहरे कोरे होतात. ‘पेशंटची गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही’ म्हणा, सगळ्यांना कळतं. संमतीला कन्नडमध्ये ओप्पिगे म्हणतात, हा एक शब्द मराठी सिस्टरांनी पाठच करावा. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या पेशंटला कागद पुढं करून नुसतं ‘सही करा’ म्हणणं ही संमती नव्हे.

मावशी आणि वॉर्डबॉयना वगळू नका. टॅब पुसतात ते, चार्जिंगला लावतात ते, आणि नातेवाइक ‘जरा बघू दे की’ म्हणत पहिल्यांदा येतात ते त्यांच्याकडंच. त्यांच्यासाठी एकच वाक्य पुरे: ‘मला दाखवता येत नाही, सिस्टरांना विचारा.’ ते दोन्ही भाषांत ५ वेळा बोलून घ्या.

कलम_आणि_कागद

कायद्याचं स्टाफला १० मिनिटांत सांगता येईल एवढंच लिहितो.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. हॉस्पिटलला बांधणारी मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर मोकळं रान आहे असं समजू नका. २०११ च्या आयटी नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील माहिती’त आधीपासून आहेत. नव्या कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि तो हॉस्पिटलला होतो, सिस्टरला नाही. ‘तुला अडीचशे कोटी भरावे लागतील’ असं भेडसावून ट्रेनिंग घेऊ नका. ते खोटं आहे, आणि घाबरलेला माणूस हरवलेला फोन लपवतो.

आपल्या भागाच्या कामाचं कलम वेगळंच आहे. संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय पेशंटला द्यावा लागतो. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत. म्हणजे फक्त कन्नड-इंग्रजी फॉर्म चंदगडहून आलेल्या माणसापुढं ठेवून भागणार नाही, आणि फक्त मराठी फॉर्म ठेवूनही नाही. इमर्जन्सीत जीव वाचवायला संमतीसाठी थांबायची गरज नाही, हेही स्टाफला सांगा. नाहीतर उत्साहाच्या भरात कुणीतरी कॅज्युअल्टीत फॉर्म घेऊन उभं राहील.

माहिती बाहेर गेली किंवा खात्यात कुणी घुसलं असं लक्षात आलं तर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) ६ तासांत कळवायचं. हे एप्रिल २०२२ च्या निर्देशांपासून आहे, फोन १८००-११-४९४९. लॉग १८० दिवस ठेवायचे. ६ तास हॉस्पिटलच्या लक्षात आल्यापासून मोजतात, पण सिस्टरनं ‘उद्या सांगते’ म्हटलं तर तोवर नुकसान होऊन बसलेलं असतं.

दोन विषय वेगळे काढून सांगा. एचआयव्हीची माहिती २०१७ च्या स्वतंत्र कायद्याखाली येते. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव फोडलं तर डॉक्टरला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. या दोन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावानिशी कधीच जाता कामा नयेत.

वॉर्डइन्चार्ज_खानापूर

बरंच हाताला लागलं. पण ग्रुप बंद होणार नाही, हे आत्ताच सांगतो. रात्री ईसीजी दाखवायला डॉक्टरांकडं दुसरा मार्ग नाही. ग्रुप ठेवून काय करता येईल?

सर्व्हररूम

बंद करू नका. बंद केलात तर लोक एकमेकांना वेगळे पाठवतील, मग तर काहीच दिसणार नाही.

ग्रुपच्या माहितीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ आहे, ती चालू करा. त्यानं चॅट बाहेर काढणं आणि फोटो आपोआप उतरणं थांबतं. स्क्रीनशॉट थांबत नाही, हे लक्षात असू द्या. अँड्रॉइडवर त्याच ग्रुपसाठी ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ ‘नाही’ करा. हे प्रत्येकानं आपापल्या फोनवर करायचं असतं, अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी करता येत नाही. नाहीतर जखमेचा फोटो गॅलरीत, गॅलरीतून गूगल फोटोजमध्ये, आणि तिथून घरच्या टीव्हीवर फिरत्या फोटोंत. मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये मधेच कुणाचा तरी गँगरिनचा पाय.

आपोआप पुसले जाणारे मेसेज लावायचे तर २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे पर्याय आहेत. ७ दिवस ठीक. पण आधी ईसीजी पेशंटच्या फाइलला लागला पाहिजे, कारण डॉक्टरनं सल्ला दिला म्हणजे त्याची नोंद ठेवणं आलंच. आधी फाइल, मग पुसणं. गॅलरीत आधीच उतरलेला फोटो यानं जात नाही, तो हातानंच काढायचा.

फोटो काढताना चेहरा, मनगटावरचा पट्टा आणि केसपेपरचा वरचा कोपरा बाहेर. नाव झाकायला फोनमधली हायलाइटर पेन वापरू नका. ती अर्धपारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की खालचं नाव वाचता येतं. सरळ कापा. ग्रुपमध्ये नोंदणी क्रमांक आणि खाट क्रमांक पुरतो.

व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ दर महिन्याला प्रत्येकाकडून उघडून घ्या. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर दिवाळीत लावलेलं लॉगिन शिमग्यापर्यंत चालू सापडतं. नोकरी सोडणाऱ्याला ग्रुपमधून काढणं आणि अ‍ॅपमधलं खातं बंद करणं त्याच दिवशी व्हायला हवं, पगाराच्या हिशेबाची वाट बघू नये.

निपाणीकर_लॅब

सगळे फोनच्या कुलपामागं लागलेत. आमच्याकडच्या लॅब आणि रिसेप्शनला विचारलंत तर सर्वांत जास्त माहिती जाते ती चुकीच्या नंबरवर. हॅकर बिकर काही लागत नाही.

घरात एकच मोबाईल, तोही पोराच्या नावावर आणि पोरगा पुण्याला. आईचा रिपोर्ट आधी त्याला, मग सुनेला, मग गल्लीला. म्हणून नोंदणीच्या वेळी ‘मोबाईल नंबर?’ एवढंच विचारून थांबायचं नाही. ‘हा फोन कुणाच्या हातात असतो?’ आणि ‘रिपोर्ट यावर पाठवू, की इथंच येऊन घेता?’ असे दोन प्रश्न, आणि उत्तर अ‍ॅपमध्ये एका खुणेनं. हे प्रश्न बाईला सासूसमोर विचारायचे नाहीत, वजन घेताना विचारायचे.

दुसरं नावांचं. कर्नाटकातल्या कागदांवर बऱ्याचदा आद्याक्षर आणि नाव असतं, मराठी माणूस स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण सांगतो. एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि दोन वेगळे पाटील एकाच नोंदीत जातात. यादीत ‘पाटील’ टाकून वरचं नाव दाबायची सवय मोडा. नोंदणी क्रमांक आणि जन्मवर्ष दोन्ही जुळल्याशिवाय ‘पाठवा’ दाबायचं नाही. चाचणी म्हणून एकाच नावाचे ४ खोटे पेशंट सरावाच्या खात्यात टाका आणि ठरावीक एकाचा रिपोर्ट पाठवायला सांगा. ५ मिनिटांत कळतं कोण काय करतं.

ट्यूटर_सिस्टर

हा सराव चांगला आहे, माझ्या ४ आठवड्यांत तो बसवते. पहिला आठवडा लॉक आणि पिन, दुसरा नाव-नंबर, तिसरा ग्रुप आणि फोटो, चौथा फसवे मेसेज आणि हरवलेला फोन.

फसव्या मेसेजला खरंच येतात तेच नमुने दाखवा: वाहतूक दंडाच्या चलनाचा एपीके, लग्नपत्रिकेचा एपीके. दाबलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ओटीपी पुढं पाठवतं आणि त्याच फोनवरून सगळ्यांना, म्हणजे वॉर्डाच्या ग्रुपलाही, पत्रिका जाते. ओळखीच्या सिस्टरकडून आली म्हणून पुढचीही उघडते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर हात लावायचा नाही.

उतरलं की नाही याचं माप: परीक्षेसाठी आपणच खोटा मेसेज सोडला तर किती जणी फसल्या ते मोजू नका, पहिली तक्रार किती मिनिटांत आली ते मोजा. बोनस किंवा पगारवाढीचं आमिष लावून परीक्षा घेऊ नका. तो विश्वास परत मिळत नाही.

वॉर्डइन्चार्ज_खानापूर

हरवलेल्या फोनचा सराव नेमका कसा घ्यायचा?

सर्व्हररूम

एक फोन कपाटात ठेवा, घड्याळ लावा. सिस्टरनं दुसऱ्याच्या फोनवरून इन्चार्जला कळवायचं, मग गूगलच्या ‘फाइंड हब’मधून लॉक करायचा. इथंच सगळे अडकतात. गूगल खातं उघडायला कोड मागतं आणि कोड येतो हरवलेल्याच नंबरवर. म्हणून गूगल खात्याचे १० बॅकअप कोड आधीच काढून पाकिटात ठेवायला सांगा. ते फोनच्या कव्हरमध्ये ठेवणारेही निघतात, तेवढं बघा. दुसरा उपाय ‘रिमोट लॉक’, त्याला पासवर्ड लागत नाही, नुसता फोन नंबर चालतो. पण ते सेटिंग आधी चालू केलेलं असावं लागतं.

त्यानंतर सिम बंद, पोलिसांत नोंद, आणि ती नोंद घेऊन सीईआयआरवर (हरवलेले फोन बंद करायचं सरकारी पोर्टल) आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक. आयएमईआय स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आजच रजिस्टरला लिहून घ्या, फोन गेल्यावर कुणाला आठवत नाही. सिमलाही पिन लावा, नाहीतर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेतो. ३ वेळा चुकला की पीयूके (सिम उघडायचा वेगळा कोड) मागतं, तो १० वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. म्हणून हे घाईत लावू नका.

पुसायचा आदेश फोनला नेट मिळेपर्यंत अडकून राहतो. कणकुंबीच्या रानात पडलेला फोन दोन दिवस पुसला जाणार नाही, आणि पुसला गेला की न चढलेल्या नोंदीही गेल्या. त्यासाठी सिस्टरांच्या पिशवीत छोटी वही असू दे. तिच्यात नोंदणी क्रमांक आणि आकडा, नाव नाही. संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर अ‍ॅपमधल्या नोंदी वहीशी जुळवायच्या आणि ते पान फाडून हॉस्पिटलच्या श्रेडरमध्ये.

वॉर्डइन्चार्ज_खानापूर

श्रेडर नाही. ऑटोक्लेव्हशेजारी जुनी कागद जाळायची शेगडी आहे, ती चालेल का?

सर्व्हररूम

चालेल, फक्त राख मोडेपर्यंत कुणीतरी उभं राहू दे.