वजनाच्या इंजेक्शनचा खर्च झेपत नाहीये, पुण्यात स्वस्त कुठे मिळेल? (तातडीचं)

अर्धा_भात (धागाकर्ता) | बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:१२
विषयात सगळं लिहिलंय. इंजेक्शन चालू आहे, नोव्हेंबरपासून. पॉलिसीवाल्यांनी हात वर केले, ओपीडीतली औषधं बसत नाहीत म्हणे. पुढचा डोस शनिवारी. कमी दरात देणारं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा, धायरी ते पेठा कुठेही चालेल. 'व्यायाम करा' हे कृपया सांगू नका, तो करतोय.

टेकडीवाला | ९:२०
व्यायाम करा असं म्हणत नाही. पण रोज पहाटे साडेपाचला एआरएआयच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागलो आणि दीड वर्षात १९ किलो गेले. खर्च शून्य. बूट फक्त घ्यावे लागले, दोनदा.

फार्मातली_मी | ९:२६
कुठलं इंजेक्शन? मौंजारो की वेगोव्ही? डोस किती? व्हायल, म्हणजे छोटी बाटली, की पेन? शुगर आहे का? यातलं काहीच न सांगता दुकान विचारताय.

अर्धा_भात | ९:३१
मौंजारो. ५ मिलिग्रॅम. पेन.

हिशेबनीस | ९:४४
५ चं पेन बाजारात आलं तेव्हा १७,५०० ला होतं, एका पेनात चार डोस. गेल्या सप्टेंबरात औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे आता साधारण १६,४००. दुकानदार ओळखीचा असेल तर आणखी थोडं सोडेल, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. स्वस्त दुकान शोधून फार तर दोन हजार वाचतील. खरा खर्च पुढे आहे. डॉक्टरांनी ७.५ किंवा १० वर नेलं की जीएसटी उतरूनही पेन वीस हजारांच्या वर. आणि हे दोन महिन्यांचं काम नाही, औषध सोडलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. वर्षाचा हिशेब मांडून मग ठरवा.

पेठकर_काका | ९:५२
साधा उपाय. पेन घेऊच नका. ५ ची व्हायल आली तेव्हा ४,३७५ ला आणि २.५ ची ३,५०० ला. दुप्पट औषधाला फक्त ८७५ जास्त. ५ ची एक व्हायल आणायची, सिरिंजने अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात. आमच्या मेव्हण्याने तीन महिने असंच केलं.

फार्मातली_मी | ९:५८
काका, असं कुणाला सांगू नका हो. ती व्हायल एका डोसासाठीच असते, आत प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. एकदा सुई टोचली की उरलेलं टाकायचं. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून तेच परत टोचणं म्हणजे इन्फेक्शनला घरी बोलावणं. शिवाय ते ५ घेतायत, २.५ नाही. तुमच्या गणिताचा त्यांना उपयोगच नाही.

पेठकर_काका | १०:०१
मेव्हणा ठणठणीत आहे.

फार्मातली_मी | १०:०२
नशीब त्यांचं.

सुगरण_कोथरूड | १०:०६
इंजेक्शनं कशाला? दीक्षित डाएट करा. दोन वेळा जेवण, प्रत्येकी ५५ मिनिटांत, मध्ये काही नाही. माझ्या जाऊबाईंची शुगर सुद्धा आली आटोक्यात.

तूपवरणभात | १०:०९
झालं सुरू. दोन वेळा जेवून जाऊबाई चिडचिड्या झाल्या असतील ते सांगा. दिवेकरांचं ऐका, थोडं थोडं दर दोन तासांनी, घरचं तूप घालून.

सुगरण_कोथरूड | १०:११
जाऊबाई आधीपासूनच चिडचिड्या आहेत. डाएटचा काही संबंध नाही.

अर्धा_भात | १०:१५
दोन्ही डाएट करून झाली. आता दुकानाबद्दल बोलूया का?

जिमचा_मित्र | १०:१८
आमच्या जिममध्ये एकजण निम्म्या किमतीत देतो. हवा असेल तर नंबर पाठवतो.

फार्मातली_मी | १०:२१
बिल देतो का? खोक्यावर बॅच नंबर, एक्सपायरी असते का? न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते तो फ्रिजमधून काढून देतो की बॅगेतून? यातल्या एका तरी प्रश्नाला 'हो' असेल तर मग बोलू.

जिमचा_मित्र | १०:२३
बॅगेतून.

पॉलिसी_सल्ला | १०:२८
औषध मिळणार नसलं तरी बेरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायची, सर्जरी पॉलिसीत बसू शकते. बीएमआय ४० च्या वर हवा, किंवा ३५ च्या वर आणि सोबत अनियंत्रित शुगर, हृदयाचा त्रास असं काही. वेटिंग पिरिअड मात्र बघा. आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांची पॉलिसी नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचे ५०,००० रुपयांपर्यंत आयकरात वजावट म्हणून दाखवता येतात. जुनी करप्रणाली हवी आणि पैसे रोखीत दिलेले नकोत.

अर्धा_भात | १०:३०
मी ४१ चा आहे. बीएमआय ३३. सर्जरी नको. ऐकलंय की मार्चमध्ये पेटंट संपतंय आणि जेनेरिक येणार. तोवर कसंबसं ढकलायचं आहे, म्हणून तर विचारतोय.

हिशेबनीस | १०:३६
मार्चमध्ये संपतंय ते सेमाग्लुटाइडचं, म्हणजे वेगोव्ही-ओझेम्पिकवाल्याचं. तुमच्या मौंजारोत टिर्झेपॅटाइड आहे, त्याच्या पेटंटला अजून बरीच वर्षं आहेत. मार्चची वाट बघून तुमचं पेन स्वस्त होणार नाही. जनऔषधीतही विचारू नका, तिथे मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, मिळेल.

अर्धा_भात | १०:३८
हे कुणीच सांगितलं नव्हतं. मेटफॉर्मिन घेतोच मी.

फार्मातली_मी | १०:४०
थांबा. मेटफॉर्मिन कशासाठी? पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं शुगर आहे का.

अर्धा_भात | १०:४३
बॉर्डरलाइन. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.७ होतं ऑक्टोबरमध्ये.

फार्मातली_मी | १०:४७
६.५ पासून डायबेटिस धरतात, ६.७ ला बॉर्डरलाइन कोण म्हणालं? हे डॉक्टरांशी नीट बोला, कारण मग पर्याय बदलतात. डायबेटिससाठीचं ओझेम्पिक डिसेंबरमध्ये आपल्याकडे आलंय, सुरुवातीचा डोस महिन्याला ८,८०० च्या आसपास. आणि ते सेमाग्लुटाइड असल्यामुळे मार्चची वाट बघण्याला अर्थ येतो. पण एकातून दुसऱ्यात स्वतःच्या मनाने जायचं नाही, डोस सारखे नसतात.

पेठकर_काका | १०:५०
चालू पेन कधी सुरू केलं होतं?

अर्धा_भात | १०:५२
२ जानेवारीला. एक डोस शिल्लक आहे त्यात, तोच शनिवारी घेणार.

पेठकर_काका | १०:५५
२ जानेवारी शुक्रवार होता, कॅलेंडर समोर आहे. दर आठवड्याला घेत असाल तर चौथा डोस २३ तारखेलाच व्हायला हवा होता. शिल्लक कसा राहिला, आणि शनिवार कुठून आला?

अर्धा_भात | ११:०३
बरं, सांगतो. दर बारा दिवसांनी घेतोय. २, १४, २६ आणि आता ७. एक पेन महिन्याऐवजी दीड महिना पुरेल असा हिशेब होता. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

फार्मातली_मी | ११:०९
दादा, ते पेन पहिल्या डोसापासून ३० दिवसच वापरायचं. १ तारखेला संपले. शनिवारचा डोस कचऱ्यात. म्हणजे पैसे वाचवायचे म्हणून सुमारे ४,१०० रुपयांचा डोस फुकट घालवला, आणि मध्ये औषधाचा परिणामही कमी पडला असणार. डोस चुकला तर चार दिवसांच्या आत घ्यायचा, त्यापुढे सोडून पुढच्या ठरल्या वारी घ्यायचा. तुमचं तर वेळापत्रकच मोडलंय. पुन्हा ५ वरच सुरू करायचं की खालून, हे डॉक्टरच सांगतील. पैसे पुरत नाहीत हेही त्यांना सरळ सांगा. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पेठकर_काका | ११:१२
व्हायल घेतली असती तर

हिशेबनीस | ११:१२
काका, पुरे.

अर्धा_भात | ११:२०
फ्रिजच्या दारातून अंड्यांच्या कप्प्याशेजारचं पेन काढून बघितलं. बायकोने चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलंय, '२ जाने'. मी रोज बघत होतो. खोक्यातल्या कागदावर ३० दिवस छापलेलंही आहे, मुंगीएवढ्या अक्षरात. उद्या दहाला दवाखाना उघडला की फोन करतो. दुकान राहू द्या.

टेकडीवाला | ११:२४
दवाखाना दहाला उघडतो. साडेपाचला काय करताय?

अर्धा_भात | ११:२६
गुडघे. चढ चालत नाही. हेही आधी लिहायला हवं होतं.