काल रात्रीची गिटार

ए-४०१: सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना नमस्कार. काल रात्री साडेअकरानंतर माझ्या घरातून गिटारचा आवाज येत होता, त्याबद्दल मनापासून सॉरी. खिडकी उघडी राहिली. वाजवत नव्हतो, बी. बी. किंग या गायक-गिटारवादकावरची डॉक्युमेंटरी बघत होतो. पुढच्या वेळी हेडफोन लावीन.

बी-३०२: अरे, तक्रार कोणी केलीय? झोप येत नव्हती म्हणून मी गॅलरीत उभा होतो, तिथेच ऐकत थांबलो. एकच सूर धरून तो माणूस किती वेळ हलवत होता! कोण हा?

ए-४०१: काका, अमेरिकेतल्या मिसिसिपीचा. जन्म १९२५, खरं नाव रायली. कापसाच्या मळ्यांवर वाढला. साधारण नवव्या वर्षी आई गेली, चौदाव्या वर्षी आजीही गेली. त्यानंतर काही काळ आजीच्या खोपटात एकटाच राहिला. फिल्मचं नाव 'द लाइफ ऑफ रायली', २०१२ ची आहे. दिग्दर्शन जॉन ब्रुअरचं, निवेदन मॉर्गन फ्रीमनचं.

सी-१०४: कापूस वेचायचा का तो? मी यवतमाळकडची. सुट्टीत मामाच्या शेतात वेचणीला जायचे. बोंड फुटलं की त्याची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचतात. संध्याकाळी मिरची चिरायला घेतली की मग कळतं कुठे कुठे टोचलंय. कमरेला ओटी बांधायची, ती भरत जाईल तशी पाठ वाकत जाते. बायांची मजुरी किलोवर, म्हणून हात थांबायचा नाही. पण तोंडाने गाणं चालू असायचं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची.

ए-४०१: काकू, अगदी हेच! तिथल्या शेतांतही एक जण ओळ टाकायचा आणि बाकीचे उचलायचे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, किंग तेच गायचा; त्याची मुळं तिथेच आहेत. गाण्याचा बांधाही तसाच. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. किंगच्या गाण्यात आणखी एक उत्तर असतं, ते त्याची गिटार देते. तो गातो तेव्हा गिटार गप्प, गिटार बोलते तेव्हा तो गप्प. गाणं आणि वाजवणं एकदम मला जमत नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

बी-३०२: शेत त्यांचं स्वतःचं होतं का?

ए-४०१: नाही काका, गोऱ्या मालकाचं. वाट्याने कसायचं, बियाणं आणि किराणा उधारीवर उचलायचा, हंगाम संपला की मालक हिशेब करणार. बहुतेकांच्या नावावर उधारीच उरायची. किंग पुढे ट्रॅक्टर चालवायला लागला, मळ्यावर तो मानाचा हुद्दा. १९४६ मध्ये एका संध्याकाळी त्याने इंजिन बंद केलं आणि उडी मारून उतरला. ट्रॅक्टर गचका खाऊन पुढे गेला आणि शेडला धडकून धुराड्याचा पाइप मोडला. मालकाच्या भीतीने तो गिटार घेऊन थेट मेम्फिस शहरात पळाला. पुढे परत आला, काम करून नुकसान फेडलं आणि मग कायमचा निघाला. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर त्याला काम मिळालं. तिथे 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय' म्हणून ओळखू लागले, त्याचंच पुढे बी. बी. झालं.

ए-५०३: मीसुद्धा ऐकलं रे काल. आधी वाटलं, कोणी सतार लावलीय. आम्ही सतारीच्या पडद्यावर तार आडवी खेचून मींड काढतो, तसाच तो सूर चढत होता. आणि वर पोचल्यावर जे हलणं होतं, ते हळू आणि मोजकं. घाईने हलवलं की सूर किरटा होतो. हे शिकवायला मला विद्यार्थ्यामागे वर्षं लागतात.

ए-४०१: मावशी, हे तुम्ही ओळखलंत याचा फार आनंद झाला! तुम्ही तार खेचता, तो वर ढकलतो, एवढाच फरक. त्याच्या आईचा एक भाऊ लागायचा, बुका व्हाइट. तो बोटात नळी घालून तारांवर सरकवायचा. किंगला ती नळी जमेना आणि तो आवाज तर कानातून जाईना. मग त्याने नुसत्या बोटाने तो कंप काढायची वाट शोधली. बोट तारेवर रोवलेलं, अंगठा सुटा आणि सगळा पंजा फुलपाखरासारखा फडफडतो. काल मी तेवढा भाग पाच वेळा मागे नेऊन पाहिला, आवाज त्याचाच होता. माझा हात अजून तसा हलत नाही.

सी-१०४: गिटारला नाव दिलं होतं ना त्याने? मुलगी म्हणत होती.

ए-४०१: हो काकू, लुसिल. १९४९ चा हिवाळा, आर्कान्सामधलं ट्विस्ट गाव. नाचाच्या हॉलमध्ये ऊब यावी म्हणून मधोमध एका बादलीत रॉकेल पेटवून ठेवलेलं. दोन माणसांची मारामारी झाली, बादली कलंडली आणि आग पसरली. सगळे बाहेर पळाले, हाही पळाला. बाहेर आल्यावर लक्षात आलं, गिटार आतच राहिली. तो पुन्हा आत शिरला आणि ती घेऊन आला. नंतर कळलं, भांडण लुसिल नावाच्या बाईवरून होतं. पुन्हा असला वेडेपणा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्याने गिटारला तेच नाव ठेवलं. पुढच्या सगळ्या गिटारी लुसिलच.

बी-६०१: सगळं वाचतेय. एक विचारू? एवढा फिरायचा माणूस, घर कोणी सांभाळलं?

ए-४०१: ताई, १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. १५ मुलं त्याने आपली मानली.

बी-६०१: वर्षाला ३४२ कार्यक्रम, म्हणजे जवळपास रोजच बाहेर. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, मुक्कामी गाडीवर असायचे. आईने आमचे ताप, परीक्षा, सगळं एकटीने काढलं. वडिलांवर माझं फार प्रेम आहे, पण आईचा चेहराही मला आठवतो. मोठ्या कलावंताबद्दल बोलताना घरातल्या बाईचाही हिशेब मांडला पाहिजे, असं मला वाटतं.

ए-५०३: बरोबर बोललीस. आमच्या संगीतातल्याही कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे.

ए-४०१: ताई, पटलं. त्याचं सगळ्यात गाजलेलं 'द थ्रिल इज गॉन' विटलेल्या प्रेमाचंच आहे. मूळ गाणं १९५१ चं, रॉय हॉकिन्सचं. किंगने ते १९६९ मध्ये रेकॉर्ड केलं, दुसरं लग्न मोडून तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मागे व्हायोलिनं आहेत. आजवर मी त्यात फक्त गिटार ऐकायचो. आता त्या घरातल्या बाईच्या बाजूनेही ऐकीन.

बी-३०२: त्याच्या गावचे लोक त्याला मानायचे ना?

ए-४०१: त्याचे लोक पहिल्यापासूनच, काका. गोरे श्रोते फार उशिरा आले. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहाला पोचला, तर दारात लांब केसांच्या गोऱ्या पोरांची रांग. त्याला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. नाव पुकारलं आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं, त्याने एक सूरही लावायच्या आधी. तो रडला. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, रस्त्यावर जवळपास वीस वर्षं काढलेली.

बी-३०२: आपण सगळे मिळून बघू की. शनिवारी हॉल रिकामा आहे, सेक्रेटरींना मी विचारतो. इंग्रजी समजायला जड जाईल तिथे तू थांबवून सांग.

ए-४०१: नक्की काका! प्रोजेक्टर माझ्याकडे आहे, स्पीकर मावशींकडून घेतो. सात वाजता?

सी-१०४: साडेसात कर रे, दिवाबत्ती होऊन येते. तो आहे का आता?

ए-४०१: नाही काकू, २०१५ मध्ये गेला, ८९ वर्षांचा होऊन. इंडियानोला गावात त्याचं म्युझियम आहे, तिथेच पुरलंय त्याला. तरुणपणी तो ज्या जिनमध्ये कामाला होता, ती जुनी इमारत म्युझियममध्ये सामावून घेतलीय.

सी-१०४: कापसाचं जिन, सरकी काढायचा कारखाना? आमच्या गावच्या जिनात माझे वडील तोलाईला होते. आम्ही डबा घेऊन जायचो, तर सरकीचा वास त्यांच्या सदऱ्याला असायचा. त्या इमारतीचा फोटो मिळाला तर शनिवारी आण.