लायकेन स्क्लेरोसससाठी पीडीटी (प्रकाशाचा उपचार) कोणी घेतलाय का?

विषय नाजूक आहे, म्हणून निनावी आयडी.

मला योनीमुखाच्या त्वचेचा लायकेन स्क्लेरोसस हा जुनाट आजार आहे. बायोप्सीत निदान पक्कं झालंय, त्यामुळे 'बुरशीचं इन्फेक्शन असेल' हे कृपया नको, ती सगळी क्रीमं लावून झालीत. त्वचा पांढरट आणि चुरगळलेल्या कागदासारखी पातळ. रात्री खाज, बारीक चिरा, त्यावरून लघवी गेली की डोळ्यांत पाणी.

क्लोबेटासोल या स्टिरॉइड मलमाने आराम पडतो, पण कमी केलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता डॉक्टरांनी फोटोडायनॅमिक थेरपी (पीडीटी) सुचवली आहे. ५-एएलए नावाचं औषध लावून सुमारे तीन तास झाकून ठेवायचं. पेशी त्यातून प्रकाशाला प्रतिसाद देणारं द्रव्य बनवतात आणि मग साधारण ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. तत्त्व समजलं. पण तिथे, त्या जागी, दुखतं किती? आणि मलम सुटतं का?

प्रतिसाद १
मी घेतलंय. खोटं कशाला सांगू, दिवा लागल्यावर पहिली काही मिनिटं सुया टोचल्यासारखी भयंकर आग होते. थंड हवेचा झोत मागून घे, आणि सहन झालं नाही तर दिवा मध्येच थांबवता येतो हे आधीच विचारून ठेव. जागा बधिर करण्याबद्दलही बोल. नंतर काही दिवस लाली आणि सूज होती, सैल सुती कपडे बरे. माझी खाज खूप कमी झाली. पांढरेपणा मात्र तसाच, आणि आकसलेला भाग काही परत आला नाही. मलम आठवड्यातून दोनदा चालूच आहे.

प्रतिसाद २
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पीडीटीवरचे अभ्यास छोटे आहेत. खाजेला फायदा दिसतो, पण आजार मुळातून जात नाही. पहिला उपचार मलमच. आधी ते पुरेसं लावलं जातंय का बघा: महिनाभर रोज, मग महिनाभर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब या तीन महिन्यांना साधारण पुरते. स्टिरॉइडच्या भीतीने बायका मोहरीएवढं लावतात, त्याने काय होणार? न भरणारी जखम किंवा जाड गाठ असेल तर दिव्याआधी पुन्हा बायोप्सी, कारण थोड्या जणींत इथे कर्करोग होऊ शकतो. पॉर्फिरिया (शरीरात प्रकाशाला प्रतिसाद देणारी द्रव्यं साठण्याचा आजार) असेल तर पीडीटी नाही. आणि 'लेझर'च्या जाहिराती म्हणजे पीडीटी नव्हे. योनीच्या 'नवतारुण्या'साठी विकल्या जाणाऱ्या लेझर यंत्रांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला होता.

मूळ लेखिका
दोघींचेही आभार. जखम नाही, पॉर्फिरिया नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे, ती चालेल ना?

प्रतिसाद २
चालेल. डॉक्सिसायक्लीनसारखं उजेडाने त्वचा पोळवणारं औषध चालू असेल तर मात्र आधी सांगा.