मदत हवी आहे: 'अँग्लिसी'ला मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी. एका जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद करतेय आणि आठवडाभर एका लॅटिन शब्दापाशी अडकलेय. 'लिव्होर्नो, अँग्लिसी लेगहॉर्न' असं वाक्य आहे. अँग्लिसी म्हणजे 'इंग्रजीत'. इटलीतलं हे बंदर इंग्रजांच्या तोंडी लेगहॉर्न झालं. आपल्या पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न कोंबडी, तिचं नाव याच गावावरून.

पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'उर्फ' लिहिलं होतं. मोठ्याने वाचल्यावर ते खटकलं. उर्फ म्हणजे दुसरं नाव, आणि त्यासाठी लॅटिनात 'एलियस' आहे. 'वल्गो' म्हणजे सर्वसाधारण लोक म्हणतात ते. अँग्लिसी एवढंच सांगतो, की हे रूप इंग्रजीतलं आहे, त्या गावच्या लोकांचं नाही. हा फरक मला अजिबात पुसायचा नाही.

आयरिश आडनावांत तर जास्तच पंचाईत. 'लोहाराचा मुलगा' अशा अर्थाचं एक आयरिश आडनाव इंग्रजीत कधी उच्चार धरून मॅकगोवन झालं, तर कधी अर्थ धरून थेट स्मिथ. दोन्हींच्या आधी अँग्लिसी चालतं!

'पुणे, इंग्रजी रूप पूना' अशी रचना करून पाहिली. अर्थ नेमका येतो, पण पानावर पाच-सहा वेळा आली की वाक्य अडखळतं. नुसतं 'इंग्रजीत पूना' पुरेल का? स्थळकोशाचं किंवा इतिहासाच्या साधनांचं भाषांतर केलेल्यांनी काय वापरलं? की मूळ शब्दच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे तळटीप द्यावी?